पेवात सोडायचा कंदील

ज्या एका माणसामुळे मी शिकलो, ते माझे थोरले मामा. पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, पण तो कागद घरात आला तो त्यांच्यामुळे. आज मी समुद्रात, हेलिकॉप्टरनं जावं लागतं इतक्या लांब, तेल काढणाऱ्या एका प्लॅटफॉर्मवर नोकरी करतो, तीही त्यांच्यामुळेच. आणि हे लिहितोय त्या घडीला मामांच्या अंगणातल्या धान्याच्या जुन्या पेवात पेट्रोल भरून ठेवलेलं आहे. पेवाचं तोंड फरशीनं आणि मातीनं बंद आहे. ते उघडलं जाऊ नये म्हणून इथून जे करता येण्यासारखं होतं ते मी करून बसलो आहे. पेट्रोल जमिनीखाली ठेवायची कल्पना मामांना माझ्याच बोलण्यातून सुचली, आणि बोलताना मी एक गोष्ट सांगायची टाळली होती.

आमचं घर नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात. दिवाळी झाली की आई-वडील ऊसतोडीला निघायचे आणि माझी शाळा तिथंच थांबायची. मी चौथीत असताना मामा आले. टोळीचा ट्रक उभा होता, बोचकी वर चढत होती. मामांनी माझं बोचकं खाली ओढलं आणि आईला म्हणाले, "ह्यो माझ्याकडं राहील. दोन हात कमी पडले म्हनून फॅक्टरीची साखर गोड व्हायची ऱ्हात न्हाई." आई रडली. वडिलांनी ते बोचकं मामांच्या हातातून घेतलं आणि एस.टी.च्या थांब्यापर्यंत स्वतः उचलून आणलं.

मामांचं गाव पारनेर तालुक्यात, राळेगणच्या अलीकडे. त्या भागातल्या माणसांनी बांध घालून, चर खणून पावसाचं पाणी जमिनीत मुरवलेलं. हवं ते जमिनीखाली ठेवावं, तिथं ऊन लागत नाही आणि कोणाची नजरही लागत नाही, अशी तिथली पक्की समजूत. धान्यही पूर्वी तसंच ठेवत. मामांच्या अंगणात ज्वारीचं पेव होतं. जमिनीत खोल खणलेली कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट घागरीसारखं फुगलेलं. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी टाकून वरून लिंपायचं. गावानं आपापली पेवं केव्हाच बुजवली आणि पत्र्याच्या कोठ्या आणल्या. मामांनी आपलं ठेवलं.

पेवात वाफ धरते. उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस वर येत नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत असतं. म्हणून अर्धा दिवस तोंड उघडं ठेवायचं आणि मग पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. तेवत राहिला तर उतरायचं, विझला तर नाही. मामांचा कंदील फक्त याच कामाचा. एरवी तो ओसरीतल्या खुंटीवर. वीज गेली तरी त्याला कोणी हात लावत नसे. मी अंगानं बारीक, म्हणून आत उतरायचं काम माझ्याकडे. मामा अंगणात पालथे पडून कंदिलाकडे बघत राहायचे, आणि त्यांची खात्री झाली की माझ्या कमरेला दोरी बांधायचे. दर वेळी म्हणायचे, "कंदील जगला, आता भाचा जगंल."

एका वर्षी कंदील तळाला पोचायच्या आधीच विझला. वारा नाही, आवाज नाही. ज्योत बारीक झाली आणि गेली. मामांनी दोरी वर घेतली, काच धोतराला पुसली आणि फरशी परत ओढली. त्या आठवड्यात आम्ही शेजारून ज्वारी आणून खाल्ली. पेवाच्या तोंडावरून जाताना मी कितीतरी दिवस पाय जपून टाकायचो.

मामा इंजिन मिस्त्री. विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायला त्यांना आसपासची सगळी गावं बोलवायची. चालू इंजिनाला कान लावून ते आजार ओळखत, आणि त्यातच कान गेले. मी दहावीत जाईपर्यंत त्यांना काहीच ऐकू येईनासं झालं. मग माझी जुनी दगडी पाटी दाराशी टांगली गेली. आलेल्यानं जे सांगायचं ते पाटीवर लिहायचं, मामा वाचून मोठ्यानं उत्तर देणार. तोंडी निरोप ते मानतच नाहीत. मामींनी काही सांगितलं तरी म्हणतात, "लिवून आन."

कॉलेजच्या प्रवेशाला ते पाटी घेऊन माझ्याबरोबर नगरला आले होते. खिडकीतल्या क्लार्कनं काहीतरी सांगितलं, मामांनी खिडकीतून पाटी आत सरकवली.

"काय म्हनला? लिवा."

"आजोबा, हे ऑफिस आहे, बालवाडी नाही!"

मागच्या रांगेतली मुलं हसली. मामांना हसणंही ऐकू येत नव्हतं. ते पेन्सिल पुढे धरून उभे राहिले. शेवटी क्लार्कनं चिडून दोन दाखल्यांची नावं लिहिली. मामांनी पाटी छातीशी धरून ती वाचली आणि मला म्हणाले, "बघ, लिवल्यावर मानूस नीट बोलतो." पुढची तीन वर्षं मी नगरमध्येच सावेडीत तिघांत एक खोली घेऊन राहिलो, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या दोन्ही घरांतला पहिला पदवीधर.

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी काय कराल? पुस्तकातलं उत्तर भीतीनं आठवेना. मी पेव सांगितलं, कंदील सांगितला, मामांचं पालथं पडून बघणंही सांगितलं. दोघं हसले. तिसरे, वयानं मोठे होते, ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि त्या पेवात आधी पेट्रोल ठेवलेलं असेल तर?" उत्तरही त्यांनीच दिलं, "मग कंदील विझणार नाही. तो सोडणारा जाईल. तुमच्या मामांची पद्धत श्वासाची हवा तपासते. पेटणारी हवा तपासायला ज्योत न्यायची नसते. हे आयुष्यभर लक्षात ठेवा." आणि मला घेतलं.

घरी आल्यावर मी पाटीवर लिहिलं, "तुमच्या कंदिलामुळे नोकरी लागली." मामांनी पाटी अख्ख्या आळीत फिरवली. कंदिलाची काच राखेनं घासली, त्याला लाल दोरा बांधला. इतके खूश झाले होते की मुलाखतीतली पुढची गोष्ट मी लिहिलीच नाही. एवढ्या आनंदात कशाला, असं वाटलं.

प्लॅटफॉर्मवर माझं काम तेच: कोणी बंद जागेत उतरायच्या आधी, कुठं वेल्डिंगची ठिणगी पडायच्या आधी, यंत्रानं गॅस तपासायचा आणि परवानगीच्या कागदावर सही करायची. माझी सही नसेल तर काम होत नाही. प्लॅटफॉर्म जुना आहे. वारा वाढला की पायाखालचं लोखंड कण्हतं. समुद्रतळाच्या विहिरीही जुन्या. पहिल्यांदा हे गावात सांगितलं तेव्हा मामांना नवल वाटलं होतं. मी लिहिलं होतं, "आता तेलाबरोबर पाणी फार येतं. विहिरी थकल्या." मामा म्हणाले, "आमच्या बोअरला पानी येत न्हाई म्हनून आमी रडतो, आन तुमी पानी आलं म्हनून रडता!"

मागे एकदा मुख्य कार्यालयातून एक साहेब आम्हाला देशाच्या तेलाबद्दल सांगायला आले होते. आपल्याला लागणारं बहुतेक तेल बाहेरून, जहाजांनी येतं. आखातात काही बिनसलं की तो रस्ता अरुंद होतो. म्हणून सरकार दोन गोष्टी करतंय, असं ते म्हणाले. एक, पूर्वी बंद ठेवलेला समुद्र शोधासाठी उघडायचा, नियम सोपे करायचे, खोल पाण्यात नव्या विहिरी घ्यायच्या. दुसरी, अडीअडचणीसाठी किनाऱ्याजवळ खडकात प्रचंड पोकळ्या खणून त्यांत कच्चं तेल साठवायचं. मी वही भरून लिहून घेतलं. देश आपला विचार करतोय, आणि त्या विचारात माझीही एक सही आहे, याचा मला अभिमान वाटला. तो अजूनही आहे. पण चहाच्या वेळी आमच्यातला एक जुना माणूस म्हणाला, "समुद्र कागदावर उघडला म्हणून तेल वर येत नाही. शोधायला वर्षं, खणायला वर्षं. तोवर या म्हाताऱ्या विहिरी आणि ते खडकातलं. आणि खडकातलंही दिवसांच्या हिशेबात बोलायचं, वर्षांच्या नाही." बाहेर मशालीसारखा गॅस जळत होता, आणि त्याच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे तांबूस दिसत होते.

त्यानंतरच्या सुट्टीत मी हे सगळं मामांना सांगितलं. पाटीवर समुद्र काढला, किनारा काढला, खडकाच्या पोटात पोकळी काढली. ओसरीत मामी होत्या, आणि मामांना आबा म्हणणारा त्यांचा धाकटा चुलतभाऊ होता. तो गावातलं दूध मोटारसायकलवरून डेअरीला नेतो. मामांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"आरं, हे तर पेव! सरकारनं पेव खनलंय!"

मी लिहिलं, "हो. तसंच."

"आन गावानं पेवं बुजवली. मला येडा म्हनत हुते." चुलतभावाकडे बघून ते ओरडले, "ऐकलं का रं? दिल्लीला कळलं, तुला न्हाई कळलं!"

"दिल्लीला तुमीच पत्र घातलं आसंल, आबा," चुलतभाऊ म्हणाला. मामींनी तोंडाला पदर लावला.

मग मामांनी मला विचारलं, "आत उतरायच्या आधी तेबी कंदील सोडत असतील की?"

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या हातात पेन्सिल होती, पाटीवर जागा होती. मी चित्र पुसलं आणि जेवायला उठलो.

पुढच्या खेपेला घरी गेलो तो सकाळी. अंगणात पाय ठेवला आणि थांबलो. पेट्रोलचा वास. फार नाही, पण चुकणार नाही असा. प्लॅटफॉर्मवर अशा वासाला सगळं काम थांबतं. इथं मामी अंगणातल्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापवत होत्या. चुलीपासून पेवाची फरशी दहा-बारा पावलांवर. फरशीभोवतीचं लिंपण ताजं होतं, आणि एका कडेला त्याला केसासारखी चीर गेली होती.

"मामी, कोणाच्या गाडीचं पेट्रोल सांडलंय का?"

"तुज्या मामांना इचार. सरकार झालेत ते."

मी आधी चूल विझवली. मामी ओरडत राहिल्या, पाणी अजून कोमट हाय म्हणून. मग कळलं ते असं. आखातात जहाजं अडकल्याच्या बातम्या आल्या, तालुक्याच्या पंपावर रांगा लागल्या. चुलतभाऊ घाबरला. दोन दिवस गाडी बंद म्हणजे गावाचं दोन दिवसांचं दूध ओतून द्यायचं. मामांनी मार्ग काढला. पंपावर कॅनमध्ये पेट्रोल देत नाहीत, म्हणून आळीतल्या पोरांनी गाड्यांच्या टाक्या भरून आणायच्या, घरी नळीनं ओढून कॅनमध्ये घ्यायचं, परत रांगेत जायचं. गोड्या तेलाचे प्लॅस्टिकचे कॅन भरले. ते संपल्यावर दुधाचे दोन कॅन भरले, ज्यांचं झाकण नुसतं दाबून बसतं. मग रिकामं पडलेलं पेव उघडलं. अर्धा दिवस तोंड उघडं ठेवलं, कंदील सोडला, तो छान तेवला. त्या वेळी आत पेट्रोल नव्हतंच. माणूस उतरला, कॅन रचले, वर आला, फरशी लिंपली. सगळं रीतसर.

मी पाटीवर लिहिलं, "आजच्या आज बाहेर काढा. पेटेल."

"बंद हाय. आत हवा न्हाई. हवेबिगर पेटत न्हाई, तूच शिकवलं."

"उघडताना?"

"पंपावर 'न्हाई' म्हनून बोर्ड लागला की उघडायचं. त्याच्या आधी हात लावायचा न्हाई. अर्धा दिस तोंड उघडं ठिवायचं, मग कंदील सोडायचा." आता आळीतली आठ-दहा माणसं जमली होती. मामांनी खुंटीकडे बोट केलं. "ह्याच कंदिलावर तुला घेतलं का न्हाई? बोल की, भाचेराव!"

"आबांचा कंदील म्हंजी कंपनीनं पास केल्याला माल हाय," चुलतभाऊ म्हणाला, आणि सगळी आळी हसली. मामांनी त्याच्या ओठांवरून ओळखलं असावं. तेही हसले.

तीच वेळ होती. मुलाखतीतल्या त्या साहेबांचं वाक्य लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. पण ते लिहिलं असतं तर दहा माणसांसमोर मामांचा लाल दोऱ्याचा कंदील खोटा पडला असता. तो मी इतकी वर्षं खरा म्हणून मिरवू दिला होता. मी लिहिलं फक्त, "कंदील सोडू नका."

मामांचा चेहरा उतरला. "सरकारनं ठिवलं तर शानपन, आन मामानं ठिवलं तर येडेपना व्हय?" त्यांनी तळहातानं पाटी पुसली. पाटी पुसली की विषय संपला, हा त्यांचा नियम. ते जाऊन फरशीवर बसले आणि दिवसभर तिथून उठले नाहीत. गावच्या साठ्याची राखण चालली होती ती.

माझी सुट्टी संपली होती, दुसऱ्या सकाळी मला निघायचं होतं. हेलिकॉप्टरमधली जागा ठरलेली असते, माणूस आला नाही तर प्लॅटफॉर्मवरचा थकलेला माणूस अडकून पडतो. ही सबब खरी आहे. तरीही मी थांबायला हवं होतं. मी मामींना चूल परसात हलवायला लावली, काडेपेट्या आत ठेवायला सांगितल्या, फरशीची चीर ओल्या मातीनं बुजवली. निघताना मामींनी बॅग उचलून पाहिली.

"जड झाली का रं?"

"तुम्ही लाडू दिलेत ना," मी म्हणालो.

मुंबईत उतरल्यावर लॉजवर बसून मामांना पत्र लिहिलं, फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवला आणि पत्र टपालात टाकून हेलिकॉप्टरकडे गेलो.

तिसऱ्या दिवशी एका टाकीत दोघांना उतरायचं होतं. यंत्राचा आकडा चढत होता. मी सही केली नाही. मुकादम चिडला, "काल चालत होतं, आज तुझं नाक लांब झालं काय?" मी दुपारपर्यंत टाकी मोकळी ठेवायला लावली. इथं एका आकड्यासाठी मी सगळ्यांना थांबवत होतो, आणि माझ्या मामींच्या दारात तपासणारं कोणी नव्हतं. जेवणघरातल्या टीव्हीवर उभ्या असलेल्या जहाजांची तीच ती चित्रं फिरत होती. लोक जेवता जेवता बघत होते. आपण ज्याच्यावर उभे आहोत त्याच तेलाबद्दल ती बातमी आहे, असं कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी मामींना फोन केला.

"आरं, घर डोक्यावर घेतलंय ह्यांनी. खुंटीवरचा कंदील सापडंना. माझ्यावरच आळ."

"कंदील कशाला हवाय?"

"मला काय म्हाईत? पंपवाला निम्मंच द्यायला लागलाय म्हनत्यात."

कंदिलाचं मी मामींना काही बोललो नाही. पेट्रोलचं मात्र सगळं सांगितलं, जे मामांना सांगायचं राहिलं होतं तेही. त्यांनी जाऊन सांगितलं आणि परत फोनवर आल्या. "म्हनले, लिवून आन." मामींना लिहिता येत नाही. मग चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, "तुमी म्हनता ते मला पटतंय. पन पेव आबांचं. आबा म्हनतील तसं."

परवा मामींचा फोन आला. पंपावर दोरी बांधली. बोर्ड लागला. मामांनी कुदळ काढून फरशीला टेकवून ठेवली. अमावास्या आडवी आहे म्हणून तिच्या आधीच उघडायचं ठरवलं.

काल पत्र पोचलं, असं मामींनी फोनवर सांगितलं. मामांनी ते ओसरीत बसून वाचलं, उलटं करून मागं काही आहे का पाहिलं, परत पहिल्यापासून वाचलं. मग घडी करून टोपीत ठेवलं आणि फरशीवर जाऊन बसले.

"काय म्हणाले?"

"काय न्हाई."

"कुदळ?"

"तिथंच हाय. जेवायलाबी उठले न्हाईत. तू असं लिवलंस तरी काय?"

मला परवा निघणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळाली आहे. आज वारा वाढलाय, आणि वारा वाढला की उड्डाणं थांबतात. फोटोतून उतरवून घेतलेलं पत्र खाली देतो.

*

मामा, नमस्कार.

पाटीवर मावलं नसतं आणि तुम्ही पुसलं असतं, म्हणून कागदावर लिहितो. कोणाला वाचायला देऊ नका, एकट्यानं वाचा.

माझ्या मुलाखतीची मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. तुमच्या कंदिलामुळे मला घेतलं हे खरं. पण तिथल्या मोठ्या साहेबांनी पुढे विचारलं होतं, पेवात आधी पेट्रोल असेल तर? मला उत्तर आलं नाही. ते म्हणाले, तिथं कंदील विझणार नाही, सोडणारा जाईल. ज्वारीच्या पेवात वाफ असते, ती ज्योत विझवते आणि तुम्हाला सावध करते. पेट्रोलची वाफ ज्योतीची वाट बघत असते. दोन्ही दिसत नाहीत. तुमची पद्धत खोटी नाही. ती ज्वारीची आहे, पेट्रोलची नाही. हे मी तुम्हाला नोकरी लागली त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही कंदिलाला लाल दोरा बांधत होता, म्हणून सांगितलं नाही. परवा आळीसमोरही सांगितलं नाही. तुमचा मान राखतो असं मला वाटलं. खरं म्हणजे मी माझी लाज राखत होतो.

सरकारच्या खडकातल्या पेवाचंही मी अर्धंच सांगितलं. तिथं भोवती पाण्याचा दाब ठेवतात, वाफ बाहेर काढायला नळ्या असतात, रात्रंदिवस यंत्रं वास घेत असतात. आपल्या पेवात दुधाचे कॅन आहेत. त्यांची झाकणं दुधासाठी केलेली आहेत. प्लॅस्टिकच्या कॅनची बुचं पेट्रोलनं मऊ होतात. अंगणात वास येतो तो त्यातूनच. म्हणजे वाफ बाहेर यायला लागली आहे.

तुम्ही दूध वाया जाऊ नये म्हणून केलंत. तुमचा हेतू मला पूर्ण कळतो. मला तुम्ही असंच वाचवलं होतं, ट्रकमधून बोचकं ओढून. म्हणून एकच मागतो. मी येईपर्यंत फरशी उचलू नका. पंपावर बोर्ड लागला तरी नाही. दूध एक दिवस ओतून द्यावं लागलं तरी नाही. कुदळीची ठिणगी पडते, तीही नको. अंगणात विडी नको, चूल नको, गाडी चालू करणं नको. मी माझ्या ओळखीच्या माणसाकडून गॅस मोजायचं यंत्र आणि हवा खेळवायचा पंखा घेऊन येतो. अमावास्येच्या आत येतोच. आपण दोघं मिळून रिकामं करू. तुम्ही सांगाल तसं मी करीन, फक्त आधी यंत्राचा आकडा मी बघणार.

आता एक कबुली. तुमचा कंदील खुंटीवर नाही. तो माझ्या बॅगेत आहे, लाडवांच्या डब्याखाली. मामींना बोलू नका, त्यांना माहीत नाही. मी चोरला. तुमच्या घरात राहून मी आजवर कधी काही चोरलं नव्हतं.

पण कंदील नाही म्हणून तसेच आत उतरू नका. चोरताना मला वाटलं होतं, कंदील नसला की तुम्ही थांबाल. एस.टी.त बसल्यावर लक्षात आलं की तुम्ही थांबणारे नाही. चिमणी घ्याल, पणती घ्याल, नाहीतर कशाशिवायच उतराल. त्या वाफेत दोन श्वासांत माणूस खाली बसतो. एका वर्षी ज्वारीच्या पेवात कंदील मधेच विझला होता, आठवतं? त्या दिवशी तुम्ही मला उतरू दिलं नाही. माझ्या कमरेला दोरी बांधलीच नाहीत आणि म्हणालात, आज न्हाई.

आज तेच मी तुम्हाला म्हणतो. आज नाही, मामा.

कंदील सुखरूप आहे. काच फुटू नये म्हणून माझ्या शर्टात गुंडाळलाय. आलो की खुंटीवर परत ठेवीन.

तुमचा भाचा